दाजी परबांचे हवेचे शब्द

दाजी परबांना जपानी येत होतं, असं म्हणणं खोटं ठरेल. ‘मला भूक लागली’ किंवा ‘उद्या सुट्टी आहे का’ एवढंही त्यांना जपानीत म्हणता येत नव्हतं. त्यांच्याकडे होते ते फक्त हवेचे, उन्हाचे आणि वासाचे शब्द. असतील तीस-चाळीस. पण ते शब्द ते इतक्या अचूक वेळी टाकायचे की साइटवर नवीन आलेला जपानी इंजिनियर चमकून मागे वळायचा, भराभर काहीतरी बोलायला लागायचा, आणि दाजी दोन्ही हात जोडून हसायचे. पुढचं येत नव्हतं.

आखातात, शुऐब्याला, समुद्राच्या कडेला, एका कारखान्याच्या वाढीव बांधकामाचं कंत्राट जपानी कंपनीकडे होतं. मी तिथल्या सेफ्टी ऑफिसात कागदपत्रं सांभाळायची. ऑफिस म्हणजे पत्र्याचा एक लांबलचक कंटेनर. दाजी गॅस टेस्टर होते. कुठे वेल्डिंग करायचं असो, टाकीत उतरायचं असो, नाहीतर पाइप उघडायचा असो, आधी दाजी मीटर घेऊन जाणार, आकडे बघणार आणि परमिटवर सही करणार. त्यांची सही पडल्याशिवाय कोणी पान्याला हात लावायचा नाही. सकाळी साडेसहाला ते परमिटची पॅडं न्यायला यायचे. एक पाय आत, एक बाहेर असे दारात क्षणभर उभे राहायचे आणि त्या दिवसाचं नाव सांगायचे.

“आज जिरिजिरी.”

पहिल्या दिवशी मला वाटलं, कुठल्याशा माणसाबद्दल बोलतायत. मी विचारलं, “कोण जिरिजिरी?”

“कोण नाय, मॅडम. ऊन. जपानी शब्द आसा. हळूहळू, बारीक जाळावर ठेवल्यासारखा ऊन माणसाची जिरवता ना, तां जिरिजिरी.”

मी नाशिकची. देवगडकडची बोली मला पहिले काही महिने अर्धीच कळायची. त्यात हे जपानी. पण माणूस मराठी बोलतोय याचाच आनंद इतका होता, की मी रोज त्यांच्या शब्दाची वाट बघू लागले. जूनमध्ये वाळवंटाकडून धुळीचा कोरडा वारा सुटला की ‘कारात्तो’. ऑगस्टच्या शेवटी समुद्रावरून दमट हवा आली आणि सकाळी सातला कपडे अंगाला चिकटले की ‘मुशिमुशी’. (“मुशी म्हटली की माका आमची खायची मुशी मासळीच दिसता. पण शब्द लक्षात रवलो तो त्येच्यामुळेच.”) एसीतून बाहेर पडताना दार उघडल्यावर तोंडावर जो गरम वाफेचा गोळा बसतो तो ‘मुवात्’. बंद टाकीच्या तळाशी पाय ठेवल्यावर तळव्याला लागणारा गारवा ‘हिन्यारी’. लांबून नकळत येऊन जाणारा वास ‘पून्’. आणि नाकातून थेट कपाळात घुसणारा, डोळ्यांत पाणी काढणारा तो ‘त्सुन्’.

“फेसलेली मोहरी जाता ना नाकातसून डोक्यात? तो. मराठीत ह्येका नीट शब्द नाय. झणझणीत म्हटला तर तो जिभेक पण लागता. ह्यो फकस्त नाकाचो.”

हे शब्द त्यांना मोरिता नावाच्या माणसाने दिले होते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी दाजी इथेच, दुसऱ्या एका जपानी कामावर, पालखांब, म्हणजे परांची, बांधणाऱ्या टोळीत होते. मोरिता टाक्यांची तपासणी करायचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, दाजींना जपानी येत नव्हतं आणि दिवसाचे दहा तास दोघांना एका टाकीत काढायचे असत. मग मोरिता नाकाला बोट लावून एक शब्द म्हणायचा, दाजी मान हलवायचे, आणि हळूहळू कुठला शब्द कुठल्या वासाला आणि कुठला कुठल्या हवेला हे बसत गेलं. बदल्यात दाजींनीही दिले. मोरिता जपानला परत गेला तेव्हा त्याला ‘घमघम’, ‘रखरख’, ‘चुरचुर’ आणि ‘भणभण’ येत होतं. शेवटच्या दिवशी दाजींच्या खोलीवर बांगड्याचं तिखलं खाताना तो प्रत्येक घासाला ‘घमघम’ म्हणत होता, हे दाजी सांगायचे तेव्हा त्यांचा चेहरा उजळून जायचा. मोरितानेच त्यांना पालखांबावरून उतरवून मीटर हातात दिला. हा माणूस नाकाने काम करतो, असं त्याने वरच्या साहेबाला कसं सांगितलं असेल कोण जाणे. पण दाजी टेस्टर झाले ते त्याच्यामुळे.

नाक मात्र दिसायला अगदी साधं. बसकं, आणि जुन्या कुठल्यातरी पाइपच्या ठोक्याने जरा डावीकडे कललेलं. त्याची जपणूक ते एखादा गवई गळ्याची करतो तशी करायचे. विडी-तंबाखू नाही. वासाचा साबण नाही. कामाच्या दिवशी कच्चा कांदा नाही. महबूल्याच्या वस्तीतल्या त्यांच्या खोलीत सात माणसं राहायची, त्यांनाही अगरबत्ती लावायची परवानगी फक्त शुक्रवारी. ऊदाचं अत्तर लावून कोणी साहेब साइटवर आला, की दाजी अदबीने पण ठामपणे त्याला दंडाला धरून हलवायचे. “साहेब, तुम्ही वाऱ्याखाली उभे रवा.” मोठमोठे लोक हलायचे.

मीटरवर त्यांचा राग नव्हता हेही सांगायला हवं. लोक पुढे म्हणाले की दाजी जुन्या वळणाचे, यंत्र न मानणारे. साफ खोटं. मीटर ते रोज स्वतः पुसायचे, चार्ज करायचे, तपासणीची तारीख टळू द्यायचे नाहीत. फक्त म्हणायचे, “मीटराक चारच गॅस कळतत. पाचवो इलो तर तो गप रवता. तो खोटा बोलना नाय, तेका ठावकच नाय.”

त्या नाकाचं देणं माझ्या घरालाही लागलं होतं. गावाहून सुट्टी संपवून आले की दाजी आमच्याकडे आमसुलं आणि कुळथाचं पीठ घेऊन यायचे. आम्हीही महबूल्यातच राहायचो, पण कुटुंबवाल्यांच्या इमारतीत. असेच एका शुक्रवारी आले, आणि चपला काढता काढता थांबले. माझा नवरा म्हणाला, “या ना दाजी, आत या.” ते भिंतीच्या कडेकडेने हुंगत चालत गेले ते थेट माझ्या मुलीच्या खोलीत. तिच्या पलंगाच्या उशाशी उभे राहिले आणि म्हणाले, “हयसर. पलंग ओढा.”

मुलगी म्हणाली, “मम्मा, व्हॉट इज ही डूइंग?” नवरा माझ्याकडे बघून हसला, आम्हाला कोणालाच कसलाही वास येत नव्हता. पण पलंग ओढला. मागे एसीचा प्लग होता. हारिसला, म्हणजे इमारतीच्या राखणदाराला, बोलावून तो उघडला, तर आतल्या तारा काळ्या ठिक्कर पडलेल्या आणि प्लॅस्टिक वितळून भिंतीत ओघळलेलं. त्याच प्लगला लागून मुलीची उशी असायची. हारिसने कपाळाला हात लावला. दाजी चहा न घेता बसून राहिले होते, कारण चहाच्या वासाने पुढचं तपासता आलं नसतं. सगळ्या खोल्यांचे प्लग हुंगून झाल्यावरच त्यांनी कप हातात घेतला.

हे मी का सांगतेय, ते पुढे कळेल. ते नाक खरं आहे हे मला माहीत होतं. माझ्या घरात मी ते डोळ्यांनी बघितलं होतं.

आमचे सेफ्टी मॅनेजर शिरोळकर. कोल्हापूरकडचे, शिकलेले, बोलायला गोड. इथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमांत त्यांचा पुढाकार असायचा. एका वर्षी मराठी दिनाच्या कार्यक्रमाला त्यांनी दाजींना बोलावलं. “आपल्या कामगार बांधवांमध्येही किती टॅलेंट आहे बघा,” असं म्हणून माइक हातात दिला. दाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. त्यांनी त्यांचे शब्द सांगायला सुरुवात केली. एक जपानी, एक आपला. जिरिजिरी, रखरख. पून्, घमघम. लोक हसायला लागले. आधी कौतुकाने, मग नुसतेच. पुढच्या रांगेतली मुलं ‘मुशिमुशी, मुशिमुशी’ करत एकमेकांना ढकलू लागली. दाजींना वाटलं, लोकांना आवडतंय. ते अजून सांगत राहिले.

मग पुण्यात जपानी शिकलेल्या एक बाई उठल्या. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होत्या. गोड आवाजात म्हणाल्या, “काकांचं कौतुक आहेच. पण मुलांचा गैरसमज नको म्हणून सांगते, ही काही प्रमाण जपानी नाही हं. हे आपलं लहान मुलांच्या बोलण्यातलं, बोबडं म्हणा ना.”

दाजी माइक हातात धरून उभे. म्हणाले, “मोरिता साठ वर्साचो होतो, मॅडम.”

हॉल फुटला हसून. शिरोळकरांनी पाठीवर थाप मारून माइक काढून घेतला आणि एक कप भेट दिला. जेवणाच्या वेळी मी दाजींना शोधलं तर ते मागच्या बाजूला, केटररच्या माणसांबरोबर जमिनीवर बसून जेवत होते. मला म्हणाले, “ती बाई शिकलेली आसा. पण ती कधी टाकीत उतराक नाय.” एवढंच. नंतर मी चौकशी केली. जपानी लोक म्हातारे होईपर्यंत हे शब्द वापरतात. डॉक्टरला दुखणं सांगताना, स्वयंपाक करताना, हवामान सांगताना. बोबडं त्यात काही नसतं. पण हे मी त्या बाईंना सांगायला गेले नाही. माझी ती सवयच होती, काही सांगायला न जाण्याची.

त्या जुलैत गोष्ट झाली. आमच्या कामाच्या हद्दीतून कारखान्याची एक जुनी अमोनियाची लाइन जात होती. ती रिकामी करून दोन्हीकडून बंद केली आहे, असा कारखान्याचा सहीशिक्क्याचा कागद आमच्या फायलीत होता. त्या लाइनजवळ वेल्डिंग सुरू होणार, तर दाजींनी मीटर लावला. मीटर स्वच्छ. सही करायला पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं. सगळ्यांना खाली उतरवलं. बावीस माणसं आणि एक क्रेन सकाळी आठपासून नुसती उभी.

शिरोळकर धावत गेले. “मीटर काय सांगतोय?”

“मीटर काय सांगणा नाय, साहेब. पण त्सुन् येता.”

“काय येतं?”

“अमोनिया आसा. बारीक. त्सुन्.”

“लाइन रिकामी आहे, परब. कागद आहे माझ्याकडे.”

“कागदाक नाक नाय, साहेब.”

हे वाक्य बावीस माणसांसमोर म्हटलं गेलं, आणि शिरोळकर ते विसरले नाहीत. कारखान्याचा माणूस बघायला आला तो दुपारी दोनला. तोवर वारा फिरला होता. त्याला काहीच वास आला नाही, त्याच्या नोंदींच्या तक्त्यावरही काही नव्हतं. पूर्ण दिवस बुडाला.

दुसऱ्या दिवशी दाजींचं म्हणणं टाइप करायला शिरोळकरांनी मला बोलावलं. दाजी समोरच्या खुर्चीवर, मी कॉम्प्युटरवर. मी लिहिलं की टेस्टरला उग्र वास आला. इंग्रजीत ‘पंजंट’ असा शब्द घातला. शिरोळकरांनी खांद्यावरून वाचलं. “पंजंट काढा. तो निष्कर्ष झाला. ‘अलेज्ड ओडर’ एवढंच. कथित वास.”

मी पंजंट काढलं.

दाजींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण काहीतरी पुसलं गेलेलं त्यांनी बघितलं. “त्सुन्-चा काय लिवलात, बाय?” आताशा ते मला बाय म्हणायचे.

“वास आला असं लिहिलंय.”

“वास तर भाताक पण येता.”

मी पुढची ओळ टाइप केली. मग ते शिरोळकरांना म्हणाले, “साहेब, तुमच्यान् होत नसात तर मोठ्या जपानी साहेबाक बोलवा. मी तेका येकच शब्द सांगतंय. तेका कळतलो.” आणि खरंच, आमच्या कंटेनरपासून वीस पावलांवर प्रोजेक्ट मॅनेजर बसायचा. तरुण, हुशार, टोकियोचा. तो शब्द ऐकला असता तर त्याला त्याच क्षणी कळलं असतं. शिरोळकर हसले. “साहेब रिपोर्ट वाचतात, परब. नाकाच्या गोष्टी ऐकत नाहीत.” दाजींना वॉर्निंग लेटर मिळालं: यंत्राचा पुरावा नसताना, वैयक्तिक संवेदनेच्या आधारावर काम थांबवलं. अजून असं एक झालं तर नोकरी संपली. ते पत्रही मीच टाइप केलं. दोन्ही कागदांखाली, तयार करणारी म्हणून, माझं नाव होतं. ती वीस पावलं मी चालून जाऊ शकले असते. संध्याकाळी साहेब एकटाच बाहेर कॉफी पीत उभा असायचा. मी गाडीत बसून घरी गेले.

त्याच ऑगस्टमध्ये माझ्या नवऱ्याचं कंत्राट संपलं. तिघांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, माझ्या नोकरीवर आला. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण खरं आहे म्हणून सांगते.

सप्टेंबरची ती सकाळ दमट होती. तीच लाइन, पण थोडी पुढे, एका जोडाचे बोल्ट काढायचे होते. पालखांबावर बाबू तेली होता. बाबू दाजींच्याच वाडीतला, त्यांनीच त्याला इथे आणला होता, खोलीत त्यांच्या वरच्या बंकवर झोपायचा. दाजींनी मीटर लावला. स्वच्छ. मग ते बराच वेळ तसेच उभे राहिले, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. फोरमनने विचारलं, “परबभाई, क्या हुआ? मीटर में कुछ है?”

“नहीं.”

“तो साइन करो ना.”

त्यांनी सही केली.

लाइनच्या खोलगट वळणात अमोनिया साठून राहिला होता. तिसरा बोल्ट सैल झाल्याबरोबर तो फवाऱ्यासारखा सुटला आणि सरळ बाबूच्या तोंडावर गेला. गॉगल त्याने हेल्मेटवर चढवला होता. त्या हवेत काचा सारख्या धुकटायच्या आणि काही दिसायचं नाही. दाजी मास्क न लावता त्या वाफेत धावले. बाबूला खांद्यावर घेऊन डोळे धुवायच्या शॉवरखाली नेलं. उन्हाने शॉवरच्या टाकीतलं पाणी कढत झालेलं. बाबू किंचाळत होता, दाजींना लाथा मारत होता, आणि दाजी दोन्ही हातांच्या बोटांनी त्याच्या पापण्या फाकवून त्या पाण्याखाली धरून होते. “उघड, बाबू. डोळे उघड म्हणतंय ना. उघड रे.” अँब्युलन्स येईपर्यंत त्यांनी सोडलं नाही. स्वतः सारखे खोकत होते. मी कंटेनरच्या दारातून हे सगळं बघितलं.

बाबूचा एक डोळा पूर्ण गेला. दुसऱ्याने त्याला उजेड आणि अंधार एवढा फरक कळतो.

चौकशीला जपानहून एक वयस्क अधिकारी आले. शांत माणूस, काळी वही. टेबलाच्या एका बाजूला ते आणि शिरोळकर, समोर दाजी, आणि मधे मी, दाजींचं बोलणं इंग्रजीत सांगायला. अधिकाऱ्यांनी विचारलं, सही करण्याआधी काही जाणवलं होतं का?

दाजी म्हणाले, “त्सुन्.”

मी इंग्रजी शब्द शोधायला तोंड उघडलं, आणि त्या गृहस्थांनी हात वर करून मला थांबवलं. पेन खाली ठेवलं. स्वतःच्या नाकाच्या वरच्या टोकाला, दोन भुवयांच्या मधे बोट लावलं आणि हळूच म्हणाले, “त्सुन्?”

“त्सुन्,” दाजी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मोरितानंतर इतक्या वर्षांनी कोणीतरी त्यांचं बोलणं जसंच्या तसं ऐकलं होतं. त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं: एवढासा. अधिकाऱ्यांनी मान हलवली. दोनएक मिनिटं त्या खोलीत माझी काहीच गरज नव्हती. मला वाटलं, आता सगळं नीट होईल.

मग त्यांनी वही ओढली आणि मला म्हणाले, “विचारा त्यांना. म्हणजे त्यांची खात्री होती?”

मी विचारलं.

“शंभर टक्के,” दाजी अभिमानाने म्हणाले.

“मग त्यांनी सही का केली?”

मी तेही विचारलं. दाजींनी एकदा शिरोळकरांकडे बघितलं. “पयल्या येळाक थांबवलंय तर कागद दिलात. दुसऱ्या येळाक थांबवूक नाय, तर बाबूचे डोळे गेले. आता तुमीच सांगा, माणसान करूचा काय?”

मी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. अधिकाऱ्यांनी जुलैचा कागद मागवला. शिरोळकरांनी तो तयारच ठेवला होता. अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला. “इथे फक्त ‘कथित वास’ आहे. कसला वास, काही लिहिलेलं नाही.” मग माझ्याकडे वळले. “खाली तुमचं नाव आहे. जुलैमध्ये त्यांनी हाच शब्द वापरला होता का?”

शिरोळकर माझ्याकडे बघत नव्हते. ते स्वतःच्या अंगठीकडे बघत होते. दाजी मात्र माझ्याकडेच बघत होते. प्रश्न त्यांना कळला नव्हता, पण माझ्याकडे आला म्हणजे आता काही काळजी नाही, असा त्यांचा चेहरा.

मी म्हणाले, “मला नक्की आठवत नाही.”

अहवालात लिहिलं गेलं की जुलैमधली तक्रार मोघम होती, आणि सप्टेंबरमध्ये धोका स्पष्टपणे जाणवूनही टेस्टरने सही केली. त्यांचा शब्द ज्या एका माणसाला कळला, त्याच्या हातून तो त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून लिहिला गेला. त्या माणसाला दोष देता येत नाही. त्याने मला विचारलं होतं.

दाजींना काढून टाकलं. पुढच्याच आठवड्यात साइटभर नवा फलक लागला: नाकाचं मोठं चित्र आणि खाली चार भाषांत, ‘वास आला? काम थांबवा!’ कल्पना शिरोळकरांची. त्यांना त्याबद्दल कंपनीचं प्रशस्तिपत्रक मिळालं. फलकाचं मराठी मी केलं.

परत जायच्या आदल्या दिवशी कागदांवर सह्या करायला दाजी शहरात, मिरकाबच्या मुख्य ऑफिसात आले. मला त्या आठवड्यात तिथेच बसवलं होतं, तिसऱ्या मजल्यावर. कंपनीची सरकारी कामं करणारा मंदूब त्यांना घेऊन आला आणि पुढच्या कामाला निघून गेला. परत येऊन त्यांना खोलीवर सोडणार होता. दाजी माझ्या टेबलाशी आले. बसले नाहीत. खोकला अजून होता.

“बाय, येक काम होता.”

“बोला ना, दाजी.”

“गावात सगळे म्हणतत, दाजीन बाबूचे डोळे घालवल्यान. बाबूच्या बायलेन माझ्या घरच्यांशी बोलणा सोडल्यान. माका तिका सांगूचा आसा, मी येकदा थांबवलेलंय म्हणान. माझ्या तोंडाचा कोण ऐकणा नाय. तुम्ही दोन ओळी लिवन देवा. कंपनीच्या कागदार नको. साध्या कागदार, मराठीत. तुमचा नाव आसला म्हणजे झाला.”

मला म्हणता आलं असतं, की जमणार नाही. म्हणाले, “बघते.”

ऑफिसात ‘बघते’ म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. दाजी ऑफिसातले नव्हते.

“बरा झाला,” ते म्हणाले. “तुमी लिवा सावकाश. मी खाली थांबतंय.”

मी कोरा कागद घेतला. ‘दाजी परब यांनी जुलै महिन्यात’ एवढं लिहिलं. तेवढ्यात पलीकडच्या केबिनमधून, मीटिंगला आलेल्या शिरोळकरांचा आवाज आला, कोणाशी तरी फोनवर हसत होते. मी कागद पालथा घातला. मग घडी केली. मग पर्समध्ये टाकला. मनात म्हटलं, दहा मिनिटांत कंटाळून जातील.

तासाभराने खिडकीशी गेले. खाली रस्त्याच्या पलीकडे दुकानांच्या छज्ज्याखाली सावली होती. माणसं तिथे दाटीने उभी होती. दाजी त्यांत नव्हते. ते अलीकडे, भर उन्हात, फुटपाथवर उभे होते. हातात पासपोर्टची प्लॅस्टिकची पिशवी, डोक्यावर रुमाल. आमच्या इमारतीच्या दाराकडे तोंड करून. सावलीतून हे दार नीट दिसत नसावं.

दार उघडायचं, कोणीतरी बाहेर यायचं, आणि दाजी एक पाऊल पुढे टाकायचे. मग परत मागे व्हायचे.

मी पडद्याआड उभी राहून बघत होते. दीडच्या सुमाराला मंदूबची गाडी आली. त्याने हॉर्न वाजवला. दाजींनी त्याला हाताने थांबायची खूण केली, जरा थांब, बाय येतायत. त्याने पुन्हा हॉर्न वाजवला. मग दाजी गाडीपाशी गेले, खाली वाकून त्याला काहीतरी सांगितलं, आणि परत येऊन दारासमोर उभे राहिले. मंदूब खाली उतरला, त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना गाडीत बसवलं.

गाडी निघाली तरी मागच्या काचेतून ते आमच्या दाराकडेच बघत होते.